खांबांची बाग

माझ्या नणंदेला तिच्या कामाच्या ठिकाणी सगळे पूतनामावशी म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. आणि त्याही खुशाल ओ देत. लग्न होऊन आले त्या वर्षी मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नणंदेला नावं ठेवायचा हक्क भावजयीचा, तो परक्यांनी का घ्यावा? पण वन्सं हसल्या. म्हणाल्या, "अगं वहिनी, खोटं काय आहे त्यात? तान्ह्या रोपांना न्हाऊमाखू घालायचं आणि चार पानं फुटली की त्यांच्या मुळाशी विष ओतायचं. अशा बाईला दुसरं काय म्हणतील?"

वन्सं मसाला पिकांच्या संशोधन केंद्रात कामाला होत्या. काळ्या मिरीच्या वेलाला एक रोग येतो, त्याला सगळे 'मर' म्हणतात. ती जमिनीतली बुरशी. पाऊस लांबला, पाणी साचून राहिलं की ती वेलाच्या बुंध्याला धरते, बुंधा काळा पडतो, पानं गळतात, आणि वर्षानुवर्षं जोपासलेला वेल बघता बघता जुन्या दोरखंडासारखा खांबावर लोंबत राहतो. औषधं आहेत, पण ती मर येण्याआधी द्यायची असतात, आणि मर काही सांगून येत नाही. म्हणून केंद्रातली माणसं वेलाची अशी जात शोधत होती जिच्या अंगातच मरीला तोंड द्यायची ताकद असेल, जन्मापासून. रानात असे वेल सापडतात, पण त्यांना मिरी लागते ती नावाला, बारीक आणि तुरळक. तेव्हा रानातला काटक वेल आणि बागेतला भरघोस वेल यांची सोयरीक जुळवायची, त्यांची ढीगभर लेकरं वाढवायची आणि कुणात रानाकडचा काटकपणा उतरलाय ते बघायचं. बघायचं म्हणजे सगळ्यांनाच मर लावायची. जो जगेल तो आपला. ही लावण्याची कामगिरी वन्संची. आणि लावायला मर हाताशी असायला हवी, म्हणून तिला वर्षभर खाऊपिऊ घालून सांभाळायचं कामही त्यांचंच.

असलं काम कुणी आवडीने पत्करत नाही. वन्संनी पत्करलं त्याला कारण आमच्या घरामागची जागा.

माझ्या सासऱ्यांची तिथे मिरीची बाग होती. मी ती पाहिली नाही, पण या दोघा बहीणभावांकडून इतक्या वेळा ऐकली की डोळे मिटून तिच्यातून फिरून येईन. वन्सं लहान असताना एका पावसाळ्यात ती सगळी मरीने गेली. सासरे धडधाकट माणूस, पण त्यानंतर मागच्या दाराशी खुर्ची टाकून त्या उघड्या खांबांकडे बघत बसायचे, आणि बघता बघताच एक दिवस गेले. आमचे हे तेव्हा नुकते लाकडाच्या वखारीत लागले होते. यांनी काय करावं? मेलेले वेल काढून टाकले आणि खांब मात्र तसेच ठेवले. नुसते ठेवले नाहीत, सांभाळले. एखाद्याचा बुंधा कुजला की वखारीतून चांगलं जुनं लाकूड बघून आणत, तासत, डांबर लावत आणि त्याच खड्ड्यात उभं करत. वेलाचा पत्ता नाही आणि खांब बदलणं चालू. शेजारी हसत. "काय हो, यंदा खांबांना बहर कसा आहे?" असं विचारत. हे म्हणत, "लागेल, लागेल." मी तर भांडलेच आहे यावरून. कपडे वाळत घालायला तरी वापरू द्या म्हटलं, तर तेही नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, आमच्याकडे तर नवरीचाच पत्ता नव्हता.

वन्संचं लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे त्यांनी केलं नाही, आणि का ते मी कधी विचारलं नाही. आमच्याच घरात पुढची खोली त्यांची. संध्याकाळी केंद्रातून आल्या की दारातच चपला काढून साबणाने पाय धूत, अगदी घोट्याच्या वरपर्यंत, कारण मर चिखलातून चालत येते. तेवढ्यात हे मागून हाक मारत, "मिळाली का?"

"नाही."

"बरं."

मग मी चहा ठेवायची. आमच्या घरात दिवस मावळला हे घड्याळाने कळत नसे, या चार शब्दांनी कळे.

मी एकदा त्यांचं काम बघायला गेले होते. केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबोडकी खोली होती, पांढऱ्या फरशीची. ओट्यावर स्पिरिटचा दिवा, दांडीला बसवलेली सुई आणि काचेच्या चपट्या बश्यांची चळत. बशीत खाली गाजराच्या रसाची घट्ट गोठवलेली खळ आणि तिच्यावर पसरलेली पांढरी, कापसासारखी मऊ बुरशी. हीच ती मर. मला वाटलं होतं काहीतरी काळंबेरं, ओंगळ असेल. पण वन्संच्या बश्या म्हणजे हळदीकुंकवाला मांडून ठेवाव्यात अशा. एकीवर डाग नाही, कड कुठे वाकडी नाही. त्या सुई ज्योतीवर तापवत, निववत, बुरशीचा तांदळाएवढा तुकडा उचलत आणि नव्या बशीच्या बरोब्बर मध्यावर ठेवत. त्या बुरशीला त्या 'बया' म्हणत. मी बाजारातून चांगली गाजरं आणली की म्हणत, "दोन मला दे गं. आमच्या बयेला आवडतील."

बाजूच्या काचघरात रोपांचे ट्रे होते. आत दमट आणि उकाडा. बयेला पाण्यात कालवून ते पाणी वन्सं एका जुन्या चहाच्या किटलीने प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी ओतत. किटली का, तर तिची चोच बारीक, पान भिजत नाही. ओतताना त्यांचा चेहरा मी पाहिला. आजारी मुलाला कडू औषध पाजताना आईचा असतो तसा होता. फरक एवढाच की यातली बहुतेक मुलं मरणार होती आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आता वन्संचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्या कमालीच्या टापटिपीच्या. घरात कपबशी उपडी ठेवली तर कान एका दिशेला. वाटाणे सोलायला बसल्या तर वाकडा दाणा बाजूला. माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझेच डबे पुसून जात, आणि वर म्हणत, "तसं स्वच्छच होतं, मी आपला हात फिरवला." कुठलीही भावजय हे किती दिवस सहन करेल? मी म्हणायची, "वन्सं, अति तिथे माती." त्या म्हणत, "माती असेल तर पुसून घेते." बोलण्यात त्यांना हरवणं अवघड.

आणि मग एका वर्षी त्या संध्याकाळी आल्या आणि पाय न धुता सरळ मागच्या दारी गेल्या.

हे खांबाला डांबर लावत होते. हाक मारायची राहूनच गेली. वन्संच म्हणाल्या, "दादा, मिळाली."

त्या खेपेला जितकी रोपं वाचली तितकी आधी कधीच वाचली नव्हती. आणि त्यातलं एक तर असं, की त्याला पुन्हा मर लावली, मग आणखी एकदा लावली, बुंध्याला सुईने टोचून लावली, तरी ते आपलं नवं पान काढून उभं. वन्संनी त्याचं नाव ठेवलं हट्टी. हट्टीला मिरीही चांगली लागली, लांब आणि भरलेले घोस. केंद्रातल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी ठरवलं की आता हट्टी बाहेरच्या जमिनीत कसा वाढतो ते बघायला काही लोकांना त्याची कलमं द्यायची. त्या लोकांत आमचं नाव होतं. मॅडम वन्संना म्हणाल्या म्हणे, "खांब तयार असलेलं दुसरं कोण आहे?"

यांनी कलमं लावली त्या दिवशी मी यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. बेसूर, पण गुणगुणताना. प्रत्येक खांबाशी एक कलम, मऊ सुती पट्टीने बांधलेलं. हट्टीने नावाप्रमाणे दम धरला. पहिल्या वर्षी कमरेपर्यंत, मग माणसाच्या वर, मग खांबाच्या टोकाशी पोचून पुन्हा खाली झुकलेला. जे शेजारी बहर विचारत तेच आता एखादी फांदी मागायला येऊ लागले. हे देत नसत. म्हणत, "केंद्राला विचारा, आमच्या हातात नाही." पण बोलताना छाती अशी पुढे यायची की सगळं केंद्र यांच्या खिशात आहे. संध्याकाळचा प्रश्न आता कुणी विचारत नव्हतं. त्याऐवजी दोघं बहीणभाऊ चहाचे कप घेऊन मागे जात आणि वेलांमधून उगाच फिरत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. इतकी वर्षं मी या दोघांच्या वेडाला हसले, आणि तेव्हा मला वाटलं की जाऊ दे, हसू आपलंच झालं, पण झालं ते किती छान.

ती वर्षं कमी पावसाची होती. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एक पावसाळा असा आला की तो जायचं नावच घेईना. मागच्या जागेत पाणी साचलं, ओसरलं, पुन्हा साचलं. एका सकाळी यांनी मला बोलावलं आणि कोपऱ्यातल्या वेलाचं पान दाखवलं. पानावर काळा डाग होता, कडेने झालरीसारखा पसरलेला. मी म्हटलं, "पावसाने असेल." पण हे ओळखून होते. एकदा अशी बघितलेली गोष्ट माणूस विसरत नाही. आठवडा पुरता गेला नाही तो कोपऱ्यातले सगळे वेल पिवळे पडले, आणि मग ते कोपऱ्यातून घराच्या दिशेने येत राहिलं, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर.

वन्सं कामावरून लवकर आल्या. चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि नखाने एका वेलाची साल खरवडली. आतून काळी, ओली, घाण वास येणारी. त्यांनी ती हातात धरली आणि कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. शेवटी उठल्या, एका पिशवीत माती आणि कुजका बुंधा भरला आणि परत केंद्रात गेल्या. जाताना यांच्याकडे बघितलं नाही.

पुढे केंद्रात काय झालं ते वन्संनीच येऊन सांगितलं. भर दुपारी आल्या. मागच्या पायरीवर यांच्या शेजारी बसल्या, आणि मी दारात उभी होते.

आमच्या मातीतली मर वेगळी काढून मॅडमनी ती केंद्रातल्या मूळ हट्टीला लावली. हट्टी मेला. मग त्यांनी उलट करून बघितलं. वन्संची बया घेतली आणि बाजारात मिळतो तसला एक साधा वेल आणून त्याला लावली. तो साधा वेल जगला. अजून मजेत आहे म्हणाल्या.

"म्हणजे काय?" यांनी विचारलं.

"म्हणजे हट्टीत दम नव्हता, दादा. माझ्या बयेतच दम उरला नव्हता."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी तेव्हापासून विसरलेले नाही. ही बुरशी बशीत आयतं खायला लागली की हळूहळू वेलाला मारायची विद्या विसरते. म्हणून मधून मधून तिला जिवंत वेलाला लावायची, वेल कुजला की त्या कुजक्यातून तिला परत काढायची. नियमच तसा होता. पण कुजक्यातून काढली की बशीत सोबत नाना घाण येते, हिरवे काळे ठिपके उठतात. वन्संना ती घाण सोसेना. त्यात चांगले निरोगी वेल मोजके, दर वेळी एक मारायचा म्हणजे जिवावर येई. मॅडमच्या आधीचे जुने साहेब होते तोवर ते मागे लागत. ते गेल्यावर वन्संनी ते पुढे ढकललं, मग आणखी पुढे, मग सोडूनच दिलं. आणि वर काय केलं, तर दर खेपेला ज्या बशीत बुरशी सगळ्यांत शुभ्र, सगळ्यांत गोल आणि भराभर वाढलेली असेल, तीच पुढच्या बशीसाठी निवडली. विरळ, वेडीवाकडी असेल ती टाकून दिली. वाकडा वाटाणा बाजूला काढतात तशी. म्हणजे गाजरावर मजेत जगणारी ती ठेवली, आणि वेलावर तुटून पडणारी होती तिला फेकून दिली. वर्षानुवर्षं.

दर ट्रेमध्ये एक अगदी नाजूक जातीचा वेल मुद्दाम ठेवत, मर काम करतेय ना हे बघायला. तो दर वेळी मरत असे, म्हणून कुणाला शंका आली नाही. तो इतका नाजूक होता की नुसत्या साचल्या पाण्यानेही मेला असता. मॅडम म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं." वन्संना त्या एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी हजार वेळा म्हटलं असेल. ज्या बाईची टापटीप बघून मी माझे डबे लपवायची, ती त्या दिवशी पायरीवर बसून म्हणाली, "दादा, मी तिला गोंडस करून ठेवली रे." आणि रडली. मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. तिला असं मी एरवी कधी एकेरी म्हणत नाही, पण त्या दिवशी ती माझी वन्सं नव्हती, लहान मुलगी होती.

हे उठले आणि बागेत गेले. पावसात उभे राहून एकेका खांबावरचा मेलेला वेल ओढून काढू लागले. संध्याकाळपर्यंत तेच.

त्यानंतर ते वन्संना टाकून बोलले नाहीत, पण बोललेही नाहीत. जेवताना "वाढ" म्हणायचे ते मला. संध्याकाळी वन्सं यायच्या, पाय धुवायच्या आणि चपलांशी जरा थांबायच्या. मागून हाक यायची नाही. मग त्या आपल्या खोलीत जायच्या. मी चहा ठेवायची आणि तिघांचे तीन कप तीन जागी नेऊन द्यायची. मला यांचा राग येई. एवढी वर्षं त्यांनी घातली ती तुमच्याच बापाच्या खांबांसाठी ना? एकदा तसं म्हणालेही. हे म्हणाले, "मला माहीत आहे. पण तोंड उघडलं तर काहीतरी वाईट निघेल, म्हणून बंद ठेवतो."

पावसाळा सरला, खांब वाळले, आणि एका संध्याकाळी मागून आवाज आला, "आता कुठली ठेवली आहेस?"

वन्सं पाय धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला. "काय?"

"मर. आता केंद्रात कुठली आहे?"

"तुझ्याच बागेतली. तिच्याइतकी जोरदार दुसरी नाही."

"तिचं नाव काय?"

वन्सं अडखळल्या. "जिथून आणली त्याचं काहीतरी नाव बशीवर घालायचं असतं. मी दादा घातलं."

यांचा चेहरा मी बघितला. आता भडकणार असं वाटलं. पण हे हसायला लागले. "जन्मभर मिरी लावायला धडपडलो, आणि नाव लागलं ते मरीला," म्हणाले, आणि मग हसणं थांबवून विचारलं, "हिला जोरात ठेवायची तर काय लागतं?"

"जिवंत वेल. महिन्या दोन महिन्यांनी एक. निरोगी, चांगला हवा. केंद्रात पुरत नाहीत."

"मी देतो," हे म्हणाले.

आणि दिले. ज्या माणसाने शेजाऱ्याला एक फांदी दिली नव्हती, तो मागच्या पडवीत कुंड्या मांडून मिरीची कलमं वाढवू लागला, मारायला पाठवण्यासाठी. वाढवायचं म्हणजे किती निगुतीने! माती चाळून, भाजून, कडक उन्हात कुंड्या तापवून. वेल हातभर झाला, पानं चकाकायला लागली की सर्वांत चांगला निवडत, पिशवीत उभा करत आणि सकाळी वन्संच्या हातात देत. "हा घे, दादाला दे," म्हणत. मला ते बघवत नसे. वन्सं तो वेल घेऊन जात, त्याच्यावर मर सोडत, तो कुजला की त्यातून तिला परत काढत, ठिपके, घाण आणि सगळ्यासकट. आणि मग त्या ताज्या, खवळलेल्या मरीने नव्या रोपांची परीक्षा. संध्याकाळी पुन्हा तेच चार शब्द सुरू झाले. मिळाली का? नाही. बरं.

असं बरंच चाललं. पण वखारीतला भुसा यांच्या छातीत साठत आला होता. आधी खोकला, मग जिना चढताना धाप, मग अंथरूण. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. मी आत येऊन यांची उशी मागच्या खिडकीच्या बाजूला केली, खांब दिसावेत म्हणून.

शेवटच्या आठवड्यात मी वन्संना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "ते आज विचारतील. विचारलं की हो म्हणा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"एकदाच म्हणा. त्यांना कुठे बघायला जायचंय? कुणाचं काय बिघडणार आहे?"

"मी एकदा हो म्हणाले होते, वहिनी," त्या म्हणाल्या.

"तेव्हा तुम्हाला ते खरं वाटत होतं. आता मी सांगते म्हणून म्हणा, पाप माझ्या माथी."

त्यांनी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडली. मला वाटलं, म्हणतील. एवढं जन्माचं प्रेम, एक शब्द काय जड आहे?

दुपारी ऊन खिडकीतून यांच्या पायांवर आलं होतं. यांनी डोळे उघडले. वन्सं पलंगाशी बसल्या होत्या, मी त्यांच्या मागे.

"मिळाली का?" आवाज इतका बारीक, की आम्ही दोघी पुढे वाकलो.

मी वन्संच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला.

"नाही, दादा," त्या म्हणाल्या.

माझा हात तसाच राहिला. यांनी श्वास घेतला, सोडला. "सगळ्या गेल्या?"

"सगळ्या. यंदाचा एक ट्रेसुद्धा उरला नाही."

"म्हणजे जोरात आहे ती अजून."

"आहे. खूप जोरात आहे."

"मग बरं," हे म्हणाले, आणि बहिणीच्या हातावर आपला हात ठेवला. आता नीट चाललंय, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं. मी त्यांची बायको, मला त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचता येई, आणि तरी तेव्हा मला ती वाचायची नव्हती. मला फक्त 'हो' हवा होता. दोन दिवसांनी हे गेले.

मी वन्संशी बोलणं टाकलं. मरणाऱ्या माणसाला एक हो देता आला नाही म्हणून टाकलं. एका घरात, एका चुलीवर, आणि एक अक्षर नाही. लोक आले, गेले. संध्याकाळी वन्सं यायच्या, पाय धुवायच्या, खोलीत जायच्या. मागून आता कुणी हाक मारणार नव्हतं.

एकदा पडवीतला कचरा काढायला गेले, तर कुंड्या दिसल्या. यांनी आजारपण वाढायच्या आधी लावलेली कलमं. कुणी पाणी घालत नव्हतं. वन्संनी का घातलं नाही? त्यांनी तिकडे पाऊलच टाकलं नव्हतं. बहुतेक वाळली होती, पण काहींच्या डोळ्यांतून हिरवं फुटत होतं. मला काय झालं कोण जाणे. मी बादली आणली. मग रोज घालू लागले. काय करतेय हे मला माहीत होतं, आणि कुणासाठी हे मी स्वतःला विचारलं नाही.

वेल हातभर झाले तेव्हा मी त्यातला एक पिशवीत उभा केला आणि वन्संच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवला. त्या कामावर निघाल्या होत्या. पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, हा नको. हा फार चांगला झालाय. कोपऱ्यातला तो किरटा आहे ना, तो दे."

"चांगलाच न्या," मी म्हटलं. किती दिवसांनी मी त्यांच्याशी बोलत होते. "तुमच्या दादाला पडेल माल चालत नसे."

त्या दारातच खाली बसल्या. मीही बसले. दोघी म्हाताऱ्या मधे वेल ठेवून रडलो, आणि मग त्यांना उशीर झाला म्हणून त्या गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या, चपला काढल्या, नळ सोडला. मी मागच्या दाराशी होते. समोर खांब उभे होते, एकाचा बुंधा कुजायला आलेला, तो आता कोण बदलणार असा विचार करत होते. तोंडून शब्द आपोआप गेले.

"मिळाली का?"

नळाचं पाणी थांबलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"बरं," मी म्हटलं, आणि दोन कप चहा ठेवला.